परक्यांच्या वहीत नसलेला माणूस

नोकरीच्या गावात माझं पहिलं पाऊल पडलं ते शाळेत नव्हे, चावडीत, आणि तेही माझ्या मर्जीने नव्हे. पौडपर्यंत एस.टी. आणि पुढे सात मैल बैलगाडी असा प्रवास करून मी कंबर धरूनच उतरले होते. गाडीवानाने माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि शाळेकडे न वळता तो सरळ चावडीच्या पायरीशी जाऊन थांबला. तिथे घोंगडीवर एक पांढऱ्या मिशांचा, दोऱ्याने कानाला बांधलेल्या चष्म्याचा माणूस बसला होता. कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. मला बसा न म्हणताच त्याने विचारलं, "कोन? कुटल्या? कशापायी?"

"मी शाळेची नवी बाई," मी म्हटलं.

"ते कशापायी झालं. कोन आनि कुटल्या, ते ऱ्हायलं."

मी सदाशिव पेठेत वाढलेली. वय बावीस, ट्रेनिंगमध्ये पहिला नंबर, आणि डोकं कायम तापलेलं. उन्हात उभं राहून मी नाव, वडिलांचं नाव, राहण्याचं ठिकाण सांगत होते आणि तो माणूस बोरू शाईत बुडवून एकेक अक्षर सावकाश वहीत उतरवत होता. शेवटी माझा संयम सुटला. "ही काय चोरांची नोंद आहे का?" मी विचारलं.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "न्हाई बाई. चोर आपलं नाव सांगत न्हाईत."

हे आमचे गेनबा पाटील. गावचे पोलीस पाटील. वडील, आजा, पणजा सगळे पाटीलच. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कोण आलं, कोण गेलं, हे सगळं पौडच्या कचेरीत कळवणं हे त्यांचं काम. लाल कापडी बांधणीच्या त्या वहीला गाव 'परक्यांची वही' म्हणायचं. गावात एक रात्र जरी मुक्काम केला तरी माणूस त्या वहीत जायचा. वैदू, कासार, मेंढरं घेऊन उतरणारे धनगर, तमाशाचा फड, लस टोचणारे डॉक्टर, कुणाचीही सुटका नव्हती.

त्यांचा थोरला जावई दिवाळसणाला आला तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. जावयाचा पाय उंबऱ्याबाहेर, सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला उभ्या, आणि सासरेबुवा वही घेऊन पुढे. जावई रुसला. "मी काय परका हाय का?" म्हणाला. पाटील म्हणाले, "जावई म्हनून घरात या. मुक्कामी म्हनून वहीत या. दोन्ही मान तुमचंच हाईत." जावयाने अंगठा उठवला तेव्हा कुठे त्याच्यावरून तुकडा उतरला.

मी या वहीची टिंगल करायची. एकदा तोंडावर म्हटलंही, की पाटील, तुम्ही इंग्रजांच्या वेळेपासून माणसांना संशयाने बघता. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "इचारनं म्हंजे अपमान न्हाई, बाई. न इचारलेला मानूस हरवला, तर त्याला हुडकायचा कुनी?" त्यानंतर महिनाभरातच बांगड्या विकायला आलेला एक म्हातारा कासार बांधावर पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. पाटलांनी वही उघडली, त्याचं गाव काढलं, माणूस धाडला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ येऊन रडत रडत त्याचं पेटारं घेऊन गेला. त्यानंतर मी टिंगल बंद केली. इतकंच नव्हे, तर पाटलांची पौडला जाणारी पत्रं मीच लिहून देऊ लागले. त्यांच्या अक्षराला साहेब हसतो असं त्यांना वाटे. खरं तर त्यांचं अक्षर माझ्याइतकं वळणदार नसलं तरी स्वच्छ होतं. पण हे त्यांना सांगायची माझी दानत नव्हती.

गावाची आणखी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं मूळ गाव धरणात गेलेलं. पाणी चढलं तेव्हा निम्मे लोक वर माळावर येऊन वसले, निम्मे पोटामागे पांगले. कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी पुण्याच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, कुणी पार कराचीच्या गोदीत हमालीला. त्या वर्षीच्या चैत्रातल्या वाघजाईच्या जत्रेत गुरवाने देवीपुढे उभं राहून घरटी एकेका पुरुषाचं नाव पुकारलं, कोण उरलंय ते कळावं म्हणून. हजर असलेला "हाय" म्हणाला. गेलेल्याच्या घरच्यांनी "येतोय" म्हटलं. तेव्हापासून दरवर्षी ही हाळी होते. एखाद्याने परगावी घर केलं, बायकापोरं तिकडे नेली, की घरचे गप्प राहतात आणि गुरव पुढच्या सालापासून ते नाव सोडून देतो. जोवर कुणीतरी "येतोय" म्हणतंय, तोवर माणूस गावचाच.

हसन मुलाणी हा असाच एक 'येतोय'वाला. मुलाणी आमच्या गावात एकच घर. देवीच्या बकऱ्यावर सुरी चालवायचा मान त्यांचा. हसन विशीत असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या शेवटच्या दिवसांत, गावच्या चार जणांबरोबर कराचीला गेला. फाळणी झाली तेव्हा त्या चौघांतले तिघे बोटीने परत आले, एक तिकडेच वारला. हसनचा पाय गोदीत पेटीखाली सापडून मोडला होता, तो इस्पितळात राहिला. पाय बरा होईपर्यंत वाटा बंद झाल्या. मग परवाने आले, पासपोर्ट आले. शेवटी त्याने तिकडचा पासपोर्ट काढला, म्हाताऱ्या आईला भेटायची तीन महिन्यांची परवानगी मिळवली आणि एका वैशाखात, जत्रा सरल्यावर, लंगडत गावात आला. तीन महिने संपले. तो गेला नाही. आई जैनबी म्हणाली, "आता काय जातोय." गावही तेच म्हणालं.

आणि इथे एक नवल झालं. जावयाला वहीत घालणाऱ्या पाटलांनी हसनचं नाव वहीत घातलं नाही. मी म्हटलं, पाटील विसरले असतील.

हसन येऊन आठ-नऊ महिने झाले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते, आणि गावाला वर्तमानपत्राची चटक लागली होती. दोन दिवसांचं शिळं पत्र यायचं आणि शाळा सुटल्यावर मी ते चावडीत वाचून दाखवायची. त्या दिवशी पहिल्या पानावर बातमी होती: परकीय नागरिकांविषयीचा कायदा कडक करण्याचा सरकारचा विचार आहे, विधेयक येणार आहे. परवानगीची मुदत संपूनही राहणाऱ्यांना धरून सरहद्दीवर नेऊन सोडणार. असे लोक दडवणाऱ्यांनाही शिक्षा होणार.

चावडीत सगळे खूश झाले. "असंच पायजे," एकजण म्हणाला, "कुनीबी यावं आनि बसावं म्हंजे काय?" दुसऱ्याने दोन शिव्या घातल्या. पाटीलही म्हणाले, "बराबर हाय. गावाला शीव असती, देशाला बी पायजे. कोन आलं, कशापायी आलं, इचारलंच पायजे." मी पान उलटलं आणि माझ्या लक्षात आलं की दाराजवळ बसलेला हसन उठून चालला आहे. लंगडा पाय त्याच्या मागून फरफटत होता. पाटलांनीही ते पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला.

लोक म्हणाले, "आपल्या हसनला काय व्हतंय? त्यो कायदा भाईरच्यांसाठी हाय." पाटील एकदम कडाडले, "आपल्या मानसाला लागू न्हाई आनि दुसऱ्याच्याला हाय, त्याला कायदा म्हनत न्हाईत. त्याला चोरी म्हनत्यात!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी हसनला बोलावलं. मी चावडीसमोरच्या शाळेच्या ओसरीवर हजेरी भरत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. पाटील म्हणाले, "हसन, आज तू दडून ऱ्हायलायस आनि गाव तुला दडवतंय. उद्या कायदा आला, कुनाशी तुजं भांडान झालं, त्यो जाऊन पौडला बोट दावील. मग तुला रातीत उचलत्याल. दडवल्याला मानूस चोर व्हतो बाबा. त्यापरीस कायदा यायच्या आदी आपून हून उजेडात जाऊ. चौकशी मागू."

"आनि चौकशीत हारलो तर?" हसनने विचारलं.

"तर तुला न्हेत्याल," पाटील म्हणाले. खोटा धीर द्यायची त्यांना सवयच नव्हती.

हसन म्हणाला, "तुमी म्हनाल तसं, पाटील." त्यावर पाटील उसळले. "माझ्या म्हनन्यावर नगं! जीव तुजा हाय. घरी जा, आईला इचार, आनि मग सांग." हसन गेला. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तो आला आणि फडक्यात गुंडाळलेला पासपोर्ट त्याने घोंगडीवर ठेवला. म्हणाला, "आई न्हाई म्हनती. पर मला आता दार वाजलं की धडधडतंय. करा काय ते."

पाटलांनी मला पत्र लिहायला बोलावलं. मी नाही म्हटलं. सरळ सांगितलं, की तुमच्या तत्त्वापायी एका माणसाचा बळी द्यायला माझं अक्षर मिळणार नाही. ते म्हणाले, "मग मी लिवतो. साहेब हसल, पर वाचल." बोरू हातात घेतलेला तो म्हातारा बघून मी चरफडत बसले आणि लिहायला घेतलं. त्यांनी सांगितलेला मजकूर असा:

'हसन वल्द इमाम मुलाणी हा गेल्या वैशाखापासून गावात राहतो. त्याजपाशी पाकिस्तानचा पासपोर्ट आहे व परवानगीची मुदत संपलेली आहे. त्याची नोंद मी परक्यांच्या वहीत केली नाही. तो परका नाही असे मी समजतो. यात चूक असेल तर ती माझी आहे, हसनची नाही. तरी चौकशी व्हावी.'

"नोंद 'नजरचुकीने राहून गेली' असं लिहू का?" मी विचारलं. तेवढ्याने त्यांची पाटीलकी वाचली असती.

"नजर चुकली न्हाई," पाटील म्हणाले. "लिवा, सांगितलंय तसंच."

म्हणजे ते विसरले नव्हते. इतके महिने रोज ती वही उघडत होते आणि रोज ते नाव न लिहिता मिटत होते. हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यांच्याबद्दलचा माझा सगळा शहाणपणा गळून पडला.

पंधरा दिवसांत पौडहून जमादार आला. त्याने दोन कागद आणले. एक हसनला, की एक महिन्याच्या आत देश सोडावा, नाहीतर अटक होईल. दुसरा पाटलांना, की परकीय माणसाची माहिती दडवल्याबद्दल तुम्हाला कामावरून दूर करण्यात येत आहे, बिल्ला जमा करावा. पाटलांनी जमादाराला बसायला घोंगडी दिली, चहा दिला आणि आत जाऊन चिंच आणि राखेने बिल्ला घासत बसले. जमादार अवघडून म्हणाला, "राहू द्या पाटील, आहे तसा द्या." पाटील म्हणाले, "आता दुसऱ्याच्या कमरेला जायाचा. काळा कसा दिऊ?" चार पिढ्यांचा बिल्ला लखलखीत करून त्यांनी त्याच्या हातात ठेवला. गावाचं पाटीलपण त्यांच्या चुलतभावाकडे गेलं.

जैनबी चावडीसमोर येऊन उभी राहिली ती याच दिवशी. पदर पसरून नाही, हात वर करून. "गेनू, तुज्या हातावर वाढलं माजं पोर," ती ओरडली, "आनि तूच त्याचा काळ झालास! तुला कुनी इचारलं व्हतं खरं बोलायला?" पाटील मान खाली घालून उभे राहिले. "भाबी, तुमचं बराबर हाय," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. पाणवठ्यावर पाटलीणकाकी दिसली तरी घागर उचलून निघून जायची.

आम्ही अर्जावर अर्ज केले. आता मीच पेटले होते. प्रश्न एवढाच होता: हसन देश सोडून गेला होता, की पोट भरायला गेला होता? फाळणीमुळे तिकडचा व्हायला गेला असेल तर तो परका. आधीच कामाला गेला असेल आणि घर इथेच ठेवलं असेल तर तो आपला. सरकार म्हणत होतं, पुरावा दाखवा. पुरावा कुठला? हसन शाळेत गेलेला नाही, जन्मला त्या घरावर चाळीस हात पाणी. शेवटी प्रांतसाहेबांनी गावात येऊन चौकशी करायचं कबूल केलं आणि तोवर हसनला हलवू नये असा हुकूम दिला. तारीख पाटलांनी मागून घेतली. चैत्रातली, जत्रेची. "समदी एका जागी गावत्याल," असं त्यांनी अर्जात लिहायला लावलं.

प्रांतसाहेब आले. तरुण होते, रागीट नव्हते, पण कागदाच्या बाहेर बघायची त्यांना सवय नव्हती. वाघजाईच्या देवळासमोर पिंपळाखाली त्यांची खुर्ची मांडली. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "कागद काय आहेत?"

पाटील आता पाटील नव्हते. बिल्ल्याविना साध्या धोतर-बंडीत हात जोडून उभे होते. म्हणाले, "कागद पान्याखाली हाईत, साहेब. मानसं वर हाईत. त्यांना इचारा."

तेवढ्यात हाळीची वेळ झाली. साहेबांनी ती पाहिली. म्हातारा गुरव डोळे मिटून एकेक नाव पुकारत होता, "हाय, हाय, येतोय, हाय" असे आवाज गर्दीतून उठत होते. "हसन इमाम मुलानी," गुरव म्हणाला. हसन लंगडत पुढे आला आणि म्हणाला, "हाय." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

साहेबांना रीत समजावून सांगितली. मागची सगळी वर्षं याच नावाला गाव 'येतोय' म्हणत आलं, हे दहा जणांनी सांगितलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "गाव गावच्या माणसाच्या बाजूनेच बोलणार," ते म्हणाले. "हे तुम्ही काल रात्री ठरवलं असेल तर मला कसं कळणार?"

मला संताप आला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात पाटील म्हणाले, "साहेबांचं खरं हाय. मी बी असंच म्हनलो असतो. मग गावचा न्हाई असा मानूस तुमीच निवडा."

साहेब उठले, गर्दीत नजर फिरवली आणि कडेला काठीवर हनुवटी टेकून उभ्या असलेल्या एका धनगराला त्यांनी बोट दाखवून बोलावलं. तो बिरूबा होता. दरसाल जत्रेच्या सुमारास मेंढरं घेऊन डोंगरावरून उतरायचा, आणि पाटलांनी त्याची मेंढरं दोनदा पिकात शिरली म्हणून दोनदा पौडला कळवून दंड करवला होता. सगळ्या मुलखात पाटलांचं वाईट व्हावं असं मनापासून वाटणारा हा एकच माणूस, आणि साहेबांनी नेमका तोच निवडला!

"ह्या पाटलाशी तुझं काय नातं?" साहेबांनी विचारलं.

"नातं? त्याचं त्वांड बघायची इच्छा न्हाई माजी," बिरूबा म्हणाला. लोक कुजबुजले. "लई कडू मानूस हाय ह्यो पाटील," तो पुढे म्हणाला.

"बरं. हसन मुलाणी नावाच्या माणसाला ओळखतोस?"

"त्या नावाचा मानूसच न्हाई, साहेब."

जैनबी मटकन खाली बसली. साहेब पुढे झुकले. "म्हणजे?"

"म्हंजी असं बगा," बिरूबाने काठी बदलली, "मी दरसाल येतुया. दरसाल ह्यो गुरव वराडतो 'हसन मुलानी', आनि समदी म्हनत्यात 'येतोय'. कवा येतोय? कवाच न्हाई. मी म्हनलं, ह्यांचा कुनीतरी जुना मेल्याला मानूस असंल, देवीच्या मानापायी नाव घेत असत्याल. मगाशी त्यो 'हाय' म्हनला नव्हं, तवा मला दरदरून घाम फुटला!"

लोक हसायला लागले. साहेब हसले नाहीत. त्यांनी सावकाश विचारलं, "हे तू कधीपासून ऐकतोस?"

"लई वर्सं झाली."

"लई म्हणजे किती? आठव."

बिरूबाने आभाळाकडे पाहिलं. "लढाई चालू व्हती. कंट्रोलची लाल जवारी खाऊन माज्या बायकूचं प्वाट बिघाडलं व्हतं, म्हनून त्या जत्रंला मी एकटाच आलतो. त्या साली पयल्यांदा ऐकलं. त्याच्या आदल्या साली त्या नावाला कुनीतरी 'हाय' म्हनलं व्हतं का काय, ते ध्यानात न्हाई."

लढाई म्हणजे फाळणीच्या दोनेक वर्षं आधी. साहेबांनी लेखणी उचलली आणि त्याचं सगळं बोलणं, लाल ज्वारीसकट, लिहून घेतलं. बिरूबाने अंगठा उठवला आणि जाता जाता पाटलांकडे बघून म्हणाला, "माज्या दंडाचं काय ते बी लिवा म्हनावं." पाटील म्हणाले, "दंड बराबर व्हता." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तोंडं फिरवली. माणसाने असावं तर असं, असं मला त्या क्षणी वाटलं. वैऱ्याची साक्षही ज्याला बाधत नाही असं. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, आणि तो अभिमान मी आजही सोडलेला नाही.

निकाल श्रावणात आला. हसन मुलाणी कामासाठी गेला होता, त्याने आपलं घर कधी सोडलं नव्हतं, पासपोर्ट केवळ परत येण्यापुरता काढला होता. सबब हद्दपारीचा हुकूम रद्द. मी चावडीसमोर तो कागद दोनदा मोठ्याने वाचला. हसन पाटलांच्या पाया पडायला वाकला. पाटलांनी त्याला दंडाला धरून उभा केला. "पाया कशाला पडतूस? मी तुला वाचिवला न्हाई. मी तुला खड्ड्यात घातला व्हता. गावाच्या तोंडानं वर आलास." जैनबीने येऊन त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. सहा महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली ती एवढंच, "गेनू, लई वाळलास रं."

पाटीलकी मात्र परत मिळाली नाही. मी जळफळत म्हणाले, हसन परका नाही असं सरकारच म्हणतंय, मग तुम्ही दडवलं काय? अपील करू. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. वहीत लिवायचं का न्हाई, हे ठरवायचा अधिकार माजा नव्हता. मी ठरवलं. त्याची किंमत लागनारच." आणि पुढे तो कायदा खरोखरच कडक होऊन आला तेव्हा मी बातमी वाचून दाखवली, तर म्हणाले, "असू द्या. कडक असू द्या. फकस्त, इचारनाऱ्यानं उत्तर ऐकायला थांबाय पायजे."

नवं राज्य झाल्यावर माझी बदली भोरकडे झाली. काही वर्षांनी पाटील वारल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले. पाटलीणकाकी ओसरीवर बसल्या होत्या. आम्ही खूप वेळ त्यांच्याबद्दल बोललो. बोलता बोलता मी, इतकी वर्षं मनात टोचत असलेलं, त्यांना विचारलं: "काकी, निकाल उलटा लागला असता तर? पाटलांनी एवढा जुगार खेळलाच कसा? दुसऱ्याच्या जिवावर?"

काकींनी भिंतीवरच्या एका खुंटीकडे हात केला. "हितं गाठुडं टांगल्यालं व्हतं. तुमी पत्र लिवून दिलं त्या दिवशी बांधलं त्यांनी. घोंगडं, दोन धोतरं, तांब्या. मी इचारलं, कुटं? म्हनलं, हसनला न्हेलं तर मी बी त्याच्या संगं. म्या म्हनलं, कुटवर? म्हनलं, पोलीस न्हेत्याल तितवर. म्या म्हनलं, आनि तितनं फुडं तर सोडायचं न्हाईत तुमाला. तर म्हनलं, मग तितंच बसायचं. त्यो परत येस्तवर."

मी विचारलं, "हसनला हे माहीत होतं?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

"आणि तुम्ही? तुम्ही अडवलं नाहीत?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी भलतंच विचारलं असावं, असा त्यांचा चेहरा झाला होता. "अडवू कशापायी? मी त्यात जवसाची चटनी बांधून ठिवली व्हती. ती टिकत न्हाई लई दिस. म्हनून दर पंधरा दिसांनी ताजी करून घालत व्हते."